डोळ्याचं शेपूट

आमच्या बोलण्याला दोन शेपटं आहेत. स्वतः पाहिलं असेल तर वाक्याच्या शेवटी डोळ्याचं शेपूट लावायचं, नुसतं ऐकलं असेल तर कानाचं. कानाच्या शेपटाला आमच्या डोंगरात कुणी भाव देत नाही.

मिशनच्या मार्थाबाईंबरोबर आम्ही चौघं शुभवर्तमान आमच्या भाषेत आणायला बसलो आणि एका वाक्याशी अडलो. येशू मेलेल्यातून उठला, याला कोणतं शेपूट? ‘उठला म्हणे’ लिहिलं तर शेजारच्या दरीतल्या डुक्करचोरीची बातमी वाटेल, असं सगळ्यांचं मत पडलं. डोळ्याचं लावलं.

देवळात ते पहिल्यांदा वाचलं मी. समोर आई होती. माझा धाकटा भाऊ तिंदी नुकताच तापाने गेला होता आणि तिने अन्न सोडलं होतं. त्या संध्याकाळी ती रताळं खाऊ लागली. बायकांना सांगायची, “आमच्या लाकारीने पाहिलंय. मेलेलं माणूस उठतं. माझा तिंदीपण उठेल.” ती जेवतेय म्हटल्यावर मी कशाला तोंड उघडतो?

मग कुम्बीचं घर जळालं आणि आळ आला माझ्या मधल्या भावावर, यापोवर. त्या दिवशी यापो माझ्याबरोबर मळ्यात चर खणत होता. ते पाहणारा मी एकटाच. पंचांनी दोषी धरलं असतं तर कुम्बीच्या माणसांनी त्याला जिवंत सोडलं नसतं. कुऱ्हाडी घेऊनच बसली होती ती. मी उभा राहिलो आणि डोळ्याचं शेपूट लावून सगळं सांगितलं.

कुम्बी म्हणाला, “मेलेला उठतानाही तू असाच पाहिलास ना रे, लाकारी? कुठे होतास तेव्हा, झाडावर?”

लोक हसले. “तुझं शेपूट झडलंय बाबा,” तो म्हणाला. “खरजुल्या कुत्र्यासारखं.”

म्हातारे पंच वाकोल मात्र हसले नाहीत. “सरळ सांग पोरा. ते तू पाहिलंस? हो म्हणालास तर तू लबाड, यापोबद्दलचंही तुझं मी ऐकणार नाही. नाही म्हणालास तर ऐकेन.”

इकडे आड, तिकडे विहीर. आई पुढेच बसली होती, वाचता येत नसलेलं ते पुस्तक मांडीवर घेऊन. माझ्याकडे इतकी निश्चिंत बघत होती की मला तिचा राग आला. मार्थाबाईंचा आला, स्वतःचाही आला. यापो खाली मान घालून बसला होता.

“उठला म्हणे,” मी म्हणालो. “मी पाहिलं नाही. मला बाईंनी सांगितलं.”

यापो सुटला. घरी जाताना त्याने माझा हात घट्ट धरला होता. आई मागून येत होती. ओढ्यापाशी ती थांबली.

“म्हणजे तिंदी गेला,” ती म्हणाली, आणि खाली बसून काठचा चिखल दोन्ही हातांनी तोंडाला फासू लागली. घरात मढं असताना बायका फासतात तसा. आम्ही दोघं जिवंत मुलगे तिच्यासमोर उभे होतो. तिने वर पाहिलं नाही.