शनिवारचं दुसरं मत

हिरवा ठिपका... मुगाच्या दाण्याएवढा. बाबांचं ओळखपत्र संगणकाच्या खाचेत सरकवताच लुकलुकायचा थांबला आणि आता नुसता तेवत होता – माणूस हजर आहे, असं सांगत. बँकेचं बघायला म्हणून बसले, असं मारिकानं स्वतःला बजावलं होतं. पण पडद्यावर तिनं उघडलं होतं मतदानाचं पान. मुदत आज, शनिवारी संध्याकाळपर्यंत.

सोमवारी याच टेबलापाशी बाबांनी मत दिलं होतं. बाहेरच्यांना हाकला म्हणणाऱ्या त्या माणसाला. ओळखपत्राचे गुप्त आकडे नेहमीसारखे मोठ्यानं सांगितले, खिडकी सताड उघडी.

"हळू, बाबा. गुपित असतं ते."

"तुझ्यापासून कसलं गुपित? तूच तर दाबतेयस."

तिनं आकडे दाबले, जरा जोरातच. ती दारात कोट चढवत असताना ते मागून म्हणाले, "रुसू नकोस गं. घरून कितीदाही देता येतं, शेवटचं मत तेवढंच धरतात ना? शनिवारी ये, पुन्हा बघू. येताना धुरी दिलेले मासे आण."

गुरुवारी ते गेले. मृत्यूची नोंद व्हायची होती ती येत्या सोमवारी; तोवर यंत्राच्या लेखी तिचे बाबा, हायनो, जिवंत होते, मन बदलायला मोकळे होते. पुन्हा बघू... म्हणजे पटलं होतं त्यांना? की लेकीचा फुगलेला चेहरा बघून – लहानपणी 'उद्या तुला तळ्यावर नेतो हं, बर्फावर' म्हणायचे, आणि उद्या कधी उजाडायचाच नाही, तसं?

"सूप निवतंय," शेजारच्या लेइडामावशी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "काय करतेस तिथं?"

"बाबांचं थोडं राहिलंय."

"हायनोचं? त्याचं काही राहत नसे, बाई. माझ्याशी भांडायचं तेवढं राहिलं." त्या हसल्या, आणि मग बराच वेळ नळ वाहत राहिला.

आकडे बोटांना पाठ होते. दाबले, तर बाबा तिच्या बाजूचे – पण तिनं ओढून आणलेले. न दाबले, तर सोमवारचेच, हट्टी, तिच्याकडे पाठ केलेले. आणि 'पुन्हा बघू' म्हणालेले बाबा कुठंच नाहीत. कार्ड उपसून घ्यावं... हात उठेना. तिनं डोळे मिटून ते दोन शब्द पुन्हा ऐकायचा प्रयत्न केला, त्यांच्या घोगऱ्या, खोकल्यानं तुटणाऱ्या आवाजात. पुन्हा, आणखी एकदा. दर वेळी आवाज तिचाच येत होता.