निरोपाची टेप

धाकट्याला शाळेच्या फाटकातून पळवलं, खंडणी देऊनही तो परत आला नाही, त्याला आता तीसेक वर्षं होत आली. मागे भावंडच उरलं नाही, तरी घरात त्याच्या बहिणीला थोरलीच म्हणत.

परवा एका नव्या अधिकारी बाईंनी ते प्रकरण उकरून काढलं आणि थोरलीला ठाण्यात बोलावलं. बाई खाली मान घालून बसल्या होत्या. खंडणीच्या फोनची एकच टेप होती आणि कुणा शहाण्याने कोरी कॅसेट मिळाली नाही म्हणून तिच्यावर मोठ्या साहेबांचा निरोप समारंभ भरून ठेवला होता.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोलिसांना कळवलंत तर पोरगं विसरा, असं फोनवरच्या माणसाने बजावलं होतं. बाबांनी गुपचूप कळवलं, आणि त्याला ते कळलंच. बाबा जाईपर्यंत आई त्यांच्याशी धड बोलली नाही.

"लावा ती," थोरली म्हणाली. त्यात आता काही उरलं नाही, असं बाईंनी सांगून पाहिलं. "लावा. तुमच्या लोकांनी काय जपून ठेवलं ते तरी ऐकू दे."

खुर्च्या सरकल्या, टाळ्या पडल्या. साहेब किती कर्तबगार, यावर भाषणांवर भाषणं झाली. थोरली दातओठ खात ऐकत होती. मग साहेबांच्या ड्रायव्हरला कुणीतरी आग्रह केला. तो आढेवेढे घेत उभा राहिला. "आता मी काय बोलू," तो म्हणाला, आणि जीभ टाळ्याला लावून चक् केलं. "साहेब म्हणजे देवमाणूस." पुन्हा चक्.

थोरली ताडकन उठली. तेव्हा खंडणीचा पहिला फोन तिनेच उचलला होता.

"हाच तो."

बाईंनी टेप थांबवली. तपासाच्या दिवसांत हा माणूस थोरलीच्या दारात जीप लावून बसायचा. घरात कधी आला नाही. थोरली त्याला बाहेर चहा नेऊन द्यायची, तो नुसती मान हलवायचा. घरात पोलिस आलेत हे त्याला कुणी सांगायची गरजच नव्हती. त्यांना तोच घेऊन येत होता.

"आहे तो अजून, पेन्शन खातोय," बाई हळूच म्हणाल्या. "पण ताई, कोर्टात आवाज ताडून पाहायला तो फोन लागेल. आणि तोच आम्ही पुसलाय."

"ते तुमचं तुम्ही निस्तरा." थोरली दाराकडे निघाली. "आधी ही कॅसेट घेऊन माझ्या घरी चला. दुसरा फोन आईने घेतला होता. तिलाही ऐकू दे, बाबांशी अबोला धरला तो कुणामुळे."