पंजा न मावलेला खिसा

मी एक जुना खिसा आहे. हुडीच्या पोटावर असतो ना, दोन्ही बाजूंनी हात घालायचा, तो. मित्रांनो, माझे नाव काढताच तुम्हाला ऊब आठवत असेल. मला मात्र संताप येतो, कारण माझ्यात कुणाचाही हात जात नाही.

माझा जन्म संगणकाच्या पडद्यावर झाला. मला घडवणारीला कारखान्यात सगळे ताई म्हणतात. मी तिला अहोजाहो करणार नाही. पडद्यावर एक बाहुला उभा होता. ताईने त्याला हुडी चढवली आणि पोटावर मला आखले. आधी माझी तोंडे चांगली वीतभर होती. पण त्यामुळे माझ्या कडा किंचित फाकत होत्या, ते तिला खपेना. तिने त्या ओढून ओढून आखूड केल्या. मग मी इस्त्री केल्यासारखा चापून बसलो. सगळ्यांनी वाहवा केली आणि मीही फुगलो, खोटे कशाला बोलू? बाहुल्याचे हात सदा बाजूला लटकलेले. त्याला थोडीच थंडी वाजणार होती.

नमुना म्हणून मला पहिल्यांदा शिवले ते मास्तरांनी. त्यांची तीस वर्षे शिलाई मशीनवर गेली होती. कुठल्याही खिशाच्या मापाचा, कापड बेतायचा कागद आला की ते आधी त्यावर आपला पंजा ठेवत. माझ्या कागदावर पंजा मावला नाही. ते तडक ताईकडे गेले.

"ताई, यात हात जायचा नाही. दोन बोटं वाढवा."

"मास्तर, पडद्यावर सगळं बरोबर बसतंय. तुम्ही फक्त शिवा."

मास्तरांनी शिवले. माझ्यासारखे चारशे खिसे हुड्यांवर बसून बाजारात गेले आणि हात जात नाही म्हणून महिन्याभरात परत आले. मालकाने चूक कोणाची म्हणून विचारले. ताई जमिनीकडे बघत म्हणाली, "मास्तरांनी शिवणीत कापड जास्त दाबलं असेल." चोर सोडून संन्याशाला फाशी! माझा कागद तिच्या टेबलावरच होता. तो उलगडून बघायची तसदी मालकाने घेतली नाही. मास्तरांनी आपली कात्री पिशवीत टाकली आणि ते निघून गेले.

मी त्या दिवसापासून माझ्या हुडीसकट ताईच्या खुर्चीच्या पाठीवर आहे. एकदा खोली फार गार झाली, तेव्हा तिने ती हुडी अंगात घातली आणि माझ्यात हात घालू गेली. बोटांच्या पेरांपाशी हात अडकला. मला वाटले, आता उठेल, मालकाकडे जाईल. ती उठली नाही.

आता ती प्रत्येक खिशाचा कागद आधी छापून घेते आणि त्यावर आपला पंजा ठेवते. ते पाहिले की माझे टाके उसवायची वेळ येते. मास्तरांची सवय उचलली, मास्तरांना मात्र बोलावले नाही!

मित्रांनो, खिसा शिवण्याआधी त्यात हात घालून पाहा. आणि आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारली असेल, तर नुसते शहाणे होऊन थांबू नका. त्याच्या दारात जा आणि तसे सांगा. मास्तरांचे घर इथून दोन गल्ल्या पलीकडेच आहे.