सैल अंगठी

"अगं, भांडी घासताना माझी अंगठी बोटातून निसटली बघ. मी काहीच करत नाही, तरी बारीक होतेय."

मोठ्या जावेनं हे सांगितलं तेव्हा धाकटी वजनकाट्यावर उभी होती आणि काटा ढिम्म हलत नव्हता. "नशीब काढलंत, ताई! मी इथे उपाशी मरतेय," ती म्हणाली. दोघी हसल्या. मोठीचं हसू जरा आधीच संपलं, ते धाकटीला दिसलं होतं. तिला सगळंच दिसायचं. बाळाच्या अंगावरचा एवढासा पुरळसुद्धा ती पुन्हा पुन्हा दिवा लावून बघायची.

बाळंतपणानंतर तिचं अंग सुटलं होतं. दुपारी बाळ झोपलं की दोघी जावा बिस्किटांचा डबा मध्ये घेऊन बसायच्या, हळू आवाजात सासूची नक्कल करायच्या. डबा कधी संपायचा, कळायचंही नाही. मग धाकटीनं डबा सोडला आणि पोहणं धरलं. तेवढा वेळ बाळ मोठीकडे. पहिल्यांदा पाठीवर तरंगता आलं, कान पाण्याखाली गेले आणि डोक्यातली सगळी कटकट थांबली, तेव्हा तिला वाटलं, इतकं सुख त्या डब्यात कधीच नव्हतं.

घरात मात्र कौतुक मोठीचंच. "धाकटी पाण्यात हातपाय मारतेय, आणि मोठी बसल्या जागी बारीक!" सासूबाई म्हणायच्या. शेजारीण तर युक्ती विचारायला आली. धाकटीच्या पोटात दुखायचं. मोठी ताट अर्ध्यावर सारायची, बाळाला उचलताना भिंतीला टेकायची. धाकटी मनात म्हणायची, गुपचूप डाएट चाललंय, मला पत्ता लागू देत नाही.

एका सकाळी मोठी बाळाला कडेवर घेऊन जिन्यात बसली, ती उठेचना. बाळ तेवढं घट्ट धरलेलं.

गाठ पोटात होती आणि पसरली होती. "इतकं वजन गेलं, घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"आलं होतं," धाकटी म्हणाली. "आम्ही कौतुक केलं."

दवाखान्यात खाटेवर मोठीचा हात हातात घेतला तेव्हा धाकटीला दिसलं, अंगठी बोटात राहावी म्हणून मोठीनं तिला दोरा गुंडाळला होता. थरावर थर. ती बाळाची झबली शिवायची, तोच पिवळा दोरा.

"आज पोहायला नाही गेलीस?"

"राहू दे हो, ताई."

"जा गं. केवढी खूश दिसायचीस तिथून आलीस की. मी वाटच बघायचे."

आता काटा धाकटीला हवा होता तिथे आलाय. ती पुन्हा त्यावर चढलेली नाही. पोहायलाही गेलेली नाही.

तुमच्या घरात, शेजारी, कामाच्या ठिकाणी कुणी काहीही न करता बारीक होत असेल, तर युक्ती विचारू नका. आजच त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा, जेवण जातंय ना? उत्तर येईपर्यंत उठू नका.