बोंबलाची लाल पट्टी

मी रुचिताच्या लॅपटॉपवरचा एक आलेख. माझ्या डावीकडे गेल्या वर्षीचा खांब आहे, उजवीकडे यंदाचा, आणि मधून रंगीत पट्ट्या जातात. एकेक पट्टी म्हणजे दुकानातला एकेक पदार्थ. खप वाढला की पट्टी वर चढते, जाड होते; घटला की खाली उतरते आणि लाल होते. पट्टी कुठून कुठे गेली एवढं मला नक्की कळतं. का गेली, हे मात्र आजतागायत कळलेलं नाही.

माझा जन्म सोळा जूनच्या सकाळी, पूनम सागर सोसायटीतल्या एका घरात, जेवणाच्या टेबलावर झाला. रुचिता ऑफिसात असले आलेख रोज करते. त्या दिवशी तिने आईच्या, म्हणजे मिनलताईंच्या, घरगुती पदार्थांच्या दुकानातली विक्री माझ्यात भरली आणि 'मागचे तीस दिवस' हे बटण दाबलं. सतरा मे ते पंधरा जून. यंदाचे दिवस आणि गेल्या वर्षीचे तेच दिवस.

मी उघडलो आणि स्वतःच गोंधळलो. अनारसे तळातून थेट पहिल्या नंबरावर! आणि सुके बोंबील दुसऱ्या नंबरावरून तळाला, दोऱ्याएवढे बारीक. दोन्ही पट्ट्या माझ्या पोटात एकमेकींना आडव्या गेल्या होत्या. लोणची, पापड जागचे हलले नव्हते. मग या दोघांनाच काय झालं?

"आई, बोंबील बंद कर," रुचिता म्हणाली. "दाराजवळचं कपाट अनारशांना दे. पेणकरपाड्याच्या मनोरमाबाईंना दुप्पट अनारसे करायला सांग."

"अगं, क्लारामावशी बारा वर्षं माल देतेय. घर चालतं तिचं त्यावर."

"मी कुठे म्हणतेय? हा म्हणतोय!" तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

मी काहीच म्हटलं नव्हतं. मी फक्त लाल झालो होतो. पण मिनलताईंनी चष्मा पुसला, माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

दुपारी उत्तनहून क्लारामावशी दोन पिशव्या घेऊन दुकानात आल्या. मिनलताईंना त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी रुचिताने दुकानात आणलेला लॅपटॉपच फिरवून पुढे केला.

"मावशी, आता माल नको आणूस. खप पार बसलाय."

क्लारामावशी वाकून मला न्याहाळू लागल्या. "ही लाल, ती मी?"

"हो."

"आनि ही वर चढलेली?"

"अनारसे."

मावशी हसायलाच लागल्या. "अगो बाय, तुमचा धोंडा व्हता ना! म्हयनाभर तुमी मासली खाल्ली न्हाय, जावयाला अनारसे दिले. काल तर संपला. मी किरिस्ताव, मला ठाव हाय, नि तुला न्हाय?"

मिनलताईंनी कपाळावर हात मारला. अधिक महिन्याच्या वाणासाठी तेहतीस-तेहतीस अनारसे मोजून त्यांनीच तर डबे भरले होते. काउंटरमागे उभ्या असताना त्यांना सगळं माहीत होतं. माझ्यापुढे बसल्या आणि विसरल्या. माणसं असं का करतात, तेही मला कळत नाही.

"दोन्ही पिशव्या ठेव," त्या म्हणाल्या. "पावसाची बेगमी करायला लोक आता येतील."

"येतील काय, बाहेर एक बाई कवापासून वास घेत उभी हाय!"

कपाट क्लारामावशींकडेच राहिलं. रुचिताने माझ्याखाली बारीक अक्षरात लिहिलं, 'यंदा अधिक महिना होता.' माझ्याकडे मे आहे, जून आहे. हा महिना कुठे बसतो ते मला अजून सापडलेलं नाही.

आता मी एका फोल्डरमध्ये पडून आहे. पुढच्या वर्षी याच तारखांना मला पुन्हा उघडतील. तेव्हा अधिक महिना नसेल. बोंबील वर चढतील आणि अनारसे धाडकन तळाला जातील. म्हणजे तेव्हा मी मनोरमाबाईंना लाल करीन. माझा इलाज नाही, मला दुसरं काही येतच नाही. पण त्यांना 'आता नको' म्हणण्याआधी माझ्याखालची ओळ तेवढी वाचा. आणि ती पुसली गेली असेल, तर आधी मनोरमाबाईंनाच विचारा.