बारीक धार

नोव्हेंबर लागला की मी घराच्या मागे लागते. माझा नवरा श्रीरंग याला माझं हिवाळी वेड म्हणतो. म्हणू दे. अर्विंगच्या या घरात एकदा पाइप फुटला होता, तेव्हा हॉलचं छत माझ्या डोळ्यांदेखत सोफ्यावर येऊन पडलं आणि पुढे कितीतरी दिवस आम्ही भाड्याचे पंखे लावून ओल्या भिंती वाळवत बसलो. टेक्सासात थंडी पाहुण्यासारखी येते, चार दिवस राहते आणि जाते. पण घरं उन्हाळ्याच्या हिशोबानं बांधलेली, पाइप बाहेरच्या भिंतीतून नाहीतर माळ्यावरून गेलेले. तेव्हापासून मी कोणावर विसंबून राहत नाही.

या वर्षीही मी बागेला पाणी घालायचे होज काढून गॅरेजमध्ये गुंडाळून ठेवले, हीटरचा फिल्टर बदलला, मागच्या दाराखालून वारा यायचा तिथे रबराची पट्टी चिकटवली. बाहेरच्या नळांवर फोमच्या टोप्या चढवल्या. कढीपत्त्याची कुंडी तेवढी आत घ्यायची राहिली होती, कारण ती आता मला एकटीला हलत नाही.

यंदा घरात सासूबाई होत्या. सासरे गेल्यावर त्या लातूरच्या फ्लॅटमध्ये एकट्याच राहत होत्या. एक दिवस बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या, मनगट मोडलं, आणि शेजारच्यांना कळेपर्यंत तशाच पडून राहिल्या. मग मात्र श्रीरंगनं त्यांचं काही ऐकून घेतलं नाही. ग्रीन कार्ड आधीच झालेलं होतं. त्या आल्या, पण जानेवारीचं परतीचं तिकीट काढूनच आल्या. मन रमलं तर बघू, म्हणाल्या.

मन रमण्याचं काही लक्षण दिसेना. "रुपाली, तुमचा फ्रिज उघडू का? तुमचा हा टॉवेल घेतला तर चालेल? तुमच्या या खोलीतला दिवा लावू?" दिवसभर हे चालायचं. बारा वर्षांच्या आमच्या लेकीनं, आन्यानं, तर मला इंग्रजीत तक्रार केली की आजी केळं खायच्या आधी मलासुद्धा विचारते आणि मला ते फार ऑकवर्ड होतं. मला ऑकवर्ड होत नव्हतं, संताप येत होता. स्वतःच्या घरात रिसेप्शनवर बसवल्यासारखी मी सकाळपासून हो, घ्या, उघडा, चालेल, असं म्हणत होते. अहो, घर तुमचंच आहे, हे त्यांना किती वेळा सांगितलं असेन. त्या "हो गं" म्हणायच्या आणि लगेच विचारायच्या, तुमचा तो निळा कप घेऊ का. लातूरला बहिणीशी फोनवर बोलताना म्हणायच्या, "सध्या यांच्याकडे आहे." ते 'सध्या' आणि ते 'यांच्याकडे' मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं आणि टोचायचं.

त्या येणार म्हटल्यावर मी काही आनंदानं नाचले नव्हते, हे खोटं कशाला बोलू. पण दुपारी मी घरून काम करत असताना पलीकडच्या खोलीत कोणीतरी आहे, भाजी निवडतंय, स्वतःशी काहीतरी गुणगुणतंय, याची मला सवय लागली होती. त्यांनी त्या बाथरूमपाशी परत एकटीनं जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं. श्रीरंगला मी हे सांगितलं. त्यांना नाही सांगितलं. सांगितलं असतं तर माझा मान राखायला त्या राहिल्या असत्या, आणि उरलेलं आयुष्य केळी विचारून खाल्ली असती.

डिसेंबरात थंडीची लाट येणार अशी बातमी आली. श्रीरंग नेमका कामासाठी अ‍ॅरिझोनात, चँडलरला. फोन केला तर म्हणाला, "चिल यार रुपाली, मी इथे हाफ पँटमध्ये फिरतोय." अशा माणसाशी पाइपबद्दल काय बोलणार. मी फोन ठेवला आणि सासूबाईंना हाक मारली. आम्ही दोघींनी मिळून कढीपत्त्याची कुंडी जुन्या चादरीवर घेतली आणि चादर ओढत ओढत आत आणली. चादर कुठली घ्यायची, हे अर्थात आधी विचारून झालं होतं.

संध्याकाळी मी सिंकखालची कपाटं उघडी करून ठेवली, म्हणजे घरातली ऊब पाइपांपर्यंत पोचते. मग घरातला प्रत्येक नळ थोडा सोडून त्याची बारीक धार चालू ठेवली. वाहतं पाणी सहसा गोठत नाही, म्हणून ही युक्ती. सासूबाई माझ्या मागे मागे फिरत बघत होत्या. हे कशाला, असं त्यांनी विचारलं तेव्हा माझी ऑफिसची मीटिंग सुरू होत होती. मी घाईघाईनं, अर्धं इंग्रजीत, काहीतरी सांगितलं आणि कानात इअरफोन घातले. त्या "हो का" म्हणाल्या.

सकाळी चहाचं आधण ठेवायला गेले तर स्वयंपाकघरातला नळ घट्ट बंद. मी उघडला. नुसती फुस्स हवा आली, पाणी नाही. बाथरूममध्ये जाऊन पाहिलं, तिथलेही नळ बंद, पण ते उघडल्यावर पाणी आलं. म्हणजे स्वयंपाकघराचाच पाइप गोठला होता. तो उत्तरेच्या भिंतीत आहे, सगळ्यात वाईट जागी. मागच्या वेळीही सुरुवात अशीच झाली होती.

मी आन्याला उठवून फैलावर घेतलं. तिनं डोळे चोळत सांगितलं की तिनं नळाला हातही लावला नाही. तेवढ्यात सासूबाई शाल लपेटत आल्या.

"तिला नको बोलू. मी बंद केले," त्या शांतपणे म्हणाल्या. "झोपायच्या आधी पाहिलं तर घरभर पाणी वाहतंय. मला वाटलं, तू कामाच्या नादात विसरलीस."

ज्या बाईनं सारा संसार आठवड्यातून एकदा येणाऱ्या नळावर केला, पिंपं, घागरी आणि शेवटी वाट्यासुद्धा भरून ठेवल्या, तिच्या हातून दुसरं काय होणार होतं? हे मला आता सुचतंय. तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर फक्त छत होतं.

"अहो आई, पण मला एकदा विचारायचं तरी," मी ओरडलेच.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नव्हत्या, त्यांना खरंच नवल वाटलं होतं.

"नळ बंद करायला काय विचारायचं? आपल्या घरात पाणी वाया जाताना बघत बसायचं का?"

आपल्या घरात. त्यांना पत्ताही नव्हता आपण काय बोललो याचा. त्या वाकून सिंकखाली बघत होत्या आणि आता काय करायचं ते सांग, म्हणत होत्या. मी इतके दिवस ज्या शब्दाची वाट बघत होते तो आला, आणि तोही मी त्यांच्यावर ओरडत असताना.

मी हेअर ड्रायर आणला. नळ उघडाच ठेवायचा आणि नळाच्या बाजूनं सुरुवात करून पाइप हळूहळू गरम करत जायचा, असं या वेळी नीट मराठीत समजावलं. पाणी वाहतं का ठेवतात तेही सांगितलं. त्यांनी ड्रायर माझ्या हातातून काढून घेतला, कपाटासमोर स्टूल ओढलं आणि बसल्या. मी पाइप कुठे चिरलाय का ते बघायला बाहेरच्या भिंतीला चक्कर मारली, मेन व्हॉल्व्हपाशी पाना नेऊन ठेवला, आत येऊन भिंतीला कान लावला. आन्या शाळेला सुट्टी मिळाल्याच्या आनंदात सगळ्यांचा व्हिडिओ काढत होती. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. मनगट दुखलं की ड्रायर दुसऱ्या हातात घ्यायच्या. मी घेते म्हटलं तर नाही म्हणाल्या.

बऱ्याच वेळानं नळ दोनदा खोकला, थोडं पाणी थुंकला, आणि धार लागली.

"पाणी आलं गं, पाणी आलं!" सासूबाई ओरडल्या. लातूरच्या गल्लीत शेवटच्या घरापर्यंत ऐकू जावं अशा आवाजात. मला रडू आलं. पाइप वाचला म्हणून, असं मी त्यांना सांगितलं.

त्या संध्याकाळी नळ त्यांनीच सोडले. धार किती बारीक हवी ते मला बोलावून दाखवलं, जसं काही मला माहीतच नव्हतं. पण प्रत्येक नळाखाली एकेक पातेलं किंवा बादली ठेवली. दुसऱ्या दिवशी त्या पाण्यात डाळ शिजली, कढीपत्ता न्हाला आणि गॅरेजची फरशी पुसून निघाली. मागच्या अंगणातल्या नळाची माझी फोमची टोपी त्यांना पसंत नव्हती. तिच्यावरून त्यांनी स्वतःचं एक जुनं पातळ गुंडाळून घट्ट गाठ मारली. शेजारचे लोक कुंपणावरून बघतात. बघू देत.

"जानेवारीत परत येते का गं अशी थंडी?" दोन दिवसांनी त्यांनी भाजी चिरताना विचारलं.

खरी तर जानेवारी-फेब्रुवारीतच येते, मी सांगितलं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही.

त्यांनी चिरलेली भाजी पातेल्यात लोटली. मग म्हणाल्या, "तो सारखा चँडलरला असतो, तुला कामातून मान वर करायला वेळ नाही. इतके नळ कोण बघणार? श्रीरंगला म्हणावं, ते तिकीट कॅन्सल कर."

जानेवारी उलटून गेला आता. बाहेर परत गारठा पडलाय, सगळे नळ बारीक वाहताहेत. सासूबाई आन्याला घेऊन लायब्ररीत गेल्यात. मी फोडणी टाकायला घेतली, तेल तापलं, आणि बघते तर मसाल्याचा डबा जागेवर नाही. त्यांनी सगळं स्वयंपाकघर फिरवलंय, मला न विचारता. शेवटी गॅस बंद करून मी त्यांना फोन लावला.

"आई, आपली मोहरी कुठे ठेवलीत?"