सहा तळहातांचे टेबल

मित्रांनो, मी एक जुने गोल टेबल आहे. बोलण्याची मला सवय नाही आणि जे सांगायचे आहे ते धड सांगता येईल याची खात्रीही नाही. तरी सांगतो. जे घडले ते खोलीतल्या सगळ्यांनी पाहिले, पण त्याचे वजन फक्त माझ्यावर पडले.

एका सुताराने मला शाळेच्या वाचनालयासाठी बनवले. माझी कड त्याने वरून घासली तशी खालूनही घासली. त्याची बायको म्हणाली, "खालचं कोण बघायला जातंय?" तो म्हणाला, "बघत नाही कुणी. पण पोरं वाचता वाचता खालून हात फिरवतात. कुसळ गेलं बोटात, की पुस्तकच नकोसं होतं."

वाचनालयातली माझी वर्षे सुखाची होती. शाळा सुटल्यावर भाषेच्या बाई वाचनात मागे पडलेल्या मुलांना माझ्याभोवती बसवत. त्यांत शाळेत सफाई करणाऱ्या मावशींची मुलगी होती. एकेका शब्दावर बोट ठेवून, ओठ हलवत ती वाचायची. एक ओळ व्हायला इतका वेळ लागे की शेजारची मुले जांभया देत. बाई कधी जांभई देत नसत. मावशी झाडू टेकवून दारात उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "बाई, हिचं डोकं दगड आहे हो, तुम्हीच काय ते बघा." बाई म्हणायच्या, "दगड असता तर एव्हाना मी कंटाळले असते."

मग शाळेचे मुख्याध्यापक, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला जाऊन आले. आल्या आल्या त्यांनी सांगितले की शाळा एकट्याच्या जिवावर चालत नाही, तिला नेतृत्वगट लागतो. बोलणे खरेच होते. त्यांनी पाच शिक्षक निवडले, सहावे ते स्वतः. भाषेच्या बाई वयाने मोठ्या, म्हणून त्याही गटात आल्या. "आपल्यात कुणी वर नाही, कुणी खाली नाही. त्यासाठी टेबल गोल हवं," असे म्हणून सरांनी मला आपल्या खोलीत हलवले. वाचनालयाला कुलूप लागले. मुले आठवडाभर त्या दाराशी येऊन परत गेली. नंतर यायची थांबली.

गटाचा एक नियम होता. निर्णय पटला, की तळहात टेबलावर ठेवायचा. सहाच्या सहा तळहात पडल्याशिवाय बैठक संपायची नाही. पहिले वर्ष फार चांगले गेले. पाण्याचे नळ लहान मुलांच्या उंचीवर आले, तासांची अदलाबदल भांडणाशिवाय होऊ लागली. सहा ऊबदार तळहात अंगावर पडले की मला अभिमान वाटे. इथेच माझे चुकले असावे.

दुसऱ्या वर्षी वरच्या कार्यालयाचे पत्र आले. ज्या शाळेच्या शेवटच्या वर्गाचा निकाल शंभर टक्के लागेल, तिच्या नेतृत्वगटाला आदर्श गट म्हणून गौरवणार होते. मोठ्या सरांनी अकरा नावे वाचली.

"यांना या वर्षी शाळेतर्फे परीक्षेला बसवायचं नाही. पुढच्या वर्षी बाहेरून बसतील. त्यांच्याच भल्याचं आहे."

पाच तळहात पडले. भाषेच्या बाईंचे दोन्ही हात मांडीवरच राहिले. अकरावे नाव मावशींच्या मुलीचे होते.

"ती आता अख्खं पान वाचते," बाई म्हणाल्या. "तिला बसू द्या."

"पास होईल?" सरांनी विचारले.

"बहुतेक होईल."

"बहुतेकवर शंभर टक्के लागत नाहीत, बाई," खेळाचे शिक्षक म्हणाले. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून त्यांना शिट्टीसर म्हणत. सगळे हसले.

"घाई नाही," मोठे सर गोड आवाजात म्हणाले. "आपण एकमतानेच पुढे जातो. बसू या."

आणि ते बसले. पाच तळहात माझ्यावर तसेच, घामेजलेले. चार वाजले, मग पाच. विज्ञानाच्या बाईंचे मूल पाळणाघरात होते आणि पाळणाघर साडेपाचला बंद व्हायचे. त्यांचा फोन तीनदा वाजला. सर नुसते घड्याळाकडे बघत आणि मग भाषेच्या बाईंकडे. मला तेव्हा कळले की नियम बनवणाऱ्याला रागवावे लागत नाही. राग बाकीचे करतात.

"अहो बाई, माझं पोर रडतंय तिकडे!" विज्ञानाच्या बाई शेवटी ओरडल्या. "तुमची तत्त्वं तुमच्या घरी सांभाळा ना!"

"घरी?" शिट्टीसर म्हणाले. "यांच्या घरी वाट बघतंय कोण? म्हणून तर निवांत बसल्यात. एक मांजर होतं, तेही गेलं म्हणे शेजाऱ्यांकडे."

पुन्हा हसू झाले. विज्ञानाच्या बाईसुद्धा डोळे पुसता पुसता हसल्या.

मग शिट्टीसर उठले. त्यांनी भाषेच्या बाईंचे मनगट धरले, लहान मुलाचे धरावे तसे, आणि हात उचलून माझ्यावर ठेवला. वर आपला पंजा दाबला. "हे बघा! झालं एकमत!"

पंजाखाली बाईंची बोटे धडपडत होती. मला ती जाणवली. मी लाकूड. मी काय करणार?

तेवढ्यात मावशी चहा घेऊन आल्या. शिट्टीसरांनी आपला पंजा काढला. आणि मित्रांनो, जे सांगायला मी इतका वेळ घेतला ते हे, की पंजा निघाल्यावरही बाईंचा हात तिथेच राहिला. फार नाही, दोन श्वासांपुरता. तो दमला होता. मावशींनी पाहिले ते एवढेच, टेबलावर सहा तळहात आणि कप ठेवायला जागा नाही.

"मुलांना सांगायचं काम बाईच करतील," कागद आवरत मोठे सर म्हणाले. "त्यांचं मुलांशी जमतं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी मुलांना सांगितले. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या माझ्यापाशी एकट्या बसल्या होत्या. मावशी आत आल्या. त्यांच्या हातात झाडू नव्हता.

"बाई, पोरगी रात्रभर एकच विचारत होती. म्हणे, मी एवढं वाचलं ते कुठे गेलं?"

बाईंनी माझ्या कडेखालून हात फिरवला.

"परवा टेबलावर तुमचापण हात होता ना?" मावशींनी विचारले.

शिट्टीसरांनी मनगट धरल्याचे बाईंनी सांगितले असते, तर ते खोटे नव्हते. मी वाट बघत राहिलो. बाई म्हणाल्या, "होता."

मावशींनी मान हलवली. "असू द्या. आमचंच चुकलं, आम्ही तुमचं बोलणं खरं धरून बसलो."

निकाल शंभर टक्के लागला. पाहुणे आले, हार आले. सहा तळहातांचे छायाचित्र काढले गेले. कुणीतरी माझ्यावर थाप मारून म्हटले, "याला म्हणतात गट!" अकरापैकी चार मुले पुढच्या वर्षी बाहेरून परीक्षेला बसली. मावशींची मुलगी त्यांत नव्हती. ती इस्त्रीच्या दुकानात कामाला लागली.

मावशी मला आजही रोज पुसतात. पाच जागा लख्ख पुसतात, मोठ्या सरांची आणि शिट्टीसरांचीही. भाषेच्या बाईंची जागा तेवढी सोडतात. बैठकीला आल्या की बाई आपला रुमाल काढतात, तेवढी धूळ स्वतः टिपतात आणि बसतात. शिट्टीसरांनी एकदा विचारले, "काय हो बाई, मावशींशी वाकडं?" बाई म्हणाल्या, "नाही. त्यांचं बरोबर आहे."

मित्रांनो, माझ्या पायांना आता वाळवी लागली आहे आणि लवकरच मला अडगळीत टाकतील. मला तेल लावा, सावलीत ठेवा, असे म्हणायला हवे खरे. पण माझी विनंती वेगळी आहे. उद्या तुम्हीही कुठल्यातरी टेबलाभोवती बसाल. तिथे एक हात मांडीवरच राहिला आणि तुम्हाला घरी जायची घाई असली, तर त्या हाताला हसू नका. उशीर झाला तरी त्याला कारण विचारा. त्या दिवशी बाकीच्या पाचजणांपैकी एकानेही बाईंना विचारले नव्हते की त्या मुलीला वाचताना ऐकायचे का. ती दाराबाहेरच होती. आईबरोबर घरी जायचे म्हणून पुस्तक घेऊन थांबली होती.